सल्ल्याच्या अटी कुठे गेल्या?

गुंतवणूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोणत्याही सल्लागाराशिवाय माझी गुंतवणूक स्वतःच पाहतो. त्यासाठी लोकप्रिय पुस्तके वाचतो, व्याख्याने ऐकतो. अडचण अशी की, दोन जाणकार हमखास दोन टोकांचे सांगतात. एक म्हणतो, हाती आलेली रक्कम एकदम गुंतवा. दुसरा म्हणतो, हप्त्याहप्त्याने गुंतवा. एक म्हणतो, तरुणपणी सगळा पैसा समभागांत ठेवा. दुसरा म्हणतो, आधी कर्ज फेडा. निवृत्तीनंतर दरसाल चार टक्के काढले तर पैसा पुरतो, असेही सर्रास सांगितले जाते. अर्थशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाने यांतला दर्जेदार सल्ला ओळखावा तरी कसा?

उत्तर : आपण उल्लेखलेले बहुतेक सल्ले चुकीचे नाहीत, आणि गोंधळाचे मूळ नेमके तेथेच आहे. धादांत खोटा सल्ला ओळखायला फारसे शिक्षण लागत नाही. अल्पावधीत दामदुप्पट करून देणाऱ्याला कोणीही दोन प्रश्न विचारून गप्प करू शकतो. अवघड असतो तो अर्धवट उरलेला सल्ला, म्हणजे मुळात काही अटींसह काळजीपूर्वक मांडलेला, पण तोंडोतोंडी फिरताना त्या अटी गळून पडलेला. म्हणून सल्ला खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो कोणासाठी, किती काळासाठी आणि काय गृहीत धरून दिलेला आहे, याची चौकशी करावी. ही उत्तरे ज्या सल्ल्यातच सापडतात, तो विचारात घेण्याजोगा आहे असे समजावे.

आपला पहिलाच पेच घ्या. व्हॅनगार्ड या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील बाजारांचा इतिहास तपासला, तेव्हा हातातली मोठी रक्कम बारा महिन्यांत विभागून गुंतवण्यापेक्षा एकदम गुंतवणे सुमारे दोन-तृतीयांश वेळा फायद्याचे ठरल्याचे दिसले. कारण सरळ आहे : त्या बाजारांत घसरणीच्या काळापेक्षा वाढीचे काळ अधिक होते आणि बाहेर थांबलेला पैसा त्या वाढीला मुकला. उरलेल्या एक-तृतीयांश वेळी मात्र हप्ते सरस ठरले, आणि ज्याला लगोलग मोठी पडझड सोसवणार नाही, त्याच्यासाठी थोडा कमी परतावा पत्करून हप्ते निवडणे मुळीच अविवेकी नाही. येथे एक गोष्ट बहुतेक चर्चांत निसटते. पगारातून दरमहा गुंतवणाऱ्याला हा वाद लागूच होत नाही. त्याच्याजवळ अडवून ठेवलेली रक्कमच नसते. जे मिळते ते मिळताच तो गुंतवतो, म्हणजे एका अर्थाने तोही एकदमच गुंतवत असतो. हप्त्यांचा कैवार घेणारा बहुधा पगारदाराविषयी बोलत असतो आणि एकदम गुंतवा म्हणणारा वारसाहक्काने किंवा मालमत्तेच्या विक्रीतून मोठी रक्कम मिळालेल्याविषयी. दोघांची भांडणे लागतात ती केवळ आपापला श्रोता कोण, हे दोघेही सांगत नाहीत म्हणून.

चार टक्क्यांच्या नियमाचा प्रवास याहून बोलका आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेतील विल्यम बेंगन या वित्त-नियोजकाने १९९४ मध्ये एक प्रश्न घेतला : निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी आपल्या पुंजीच्या किती टक्के रक्कम काढावी, म्हणजे पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करत गेल्यावरही पुंजी किमान ३० वर्षे टिकेल? त्यांनी १९२६ पासूनचे अमेरिकी समभागांचे आणि सरकारी रोख्यांचे परतावे घेतले, दोहोंची वेगवेगळी प्रमाणे तपासली आणि त्या इतिहासातील सर्वांत वाईट मुहूर्तावर निवृत्त झालेल्यालाही सुमारे चार टक्के पेलले असते, असे दाखवले. आता लोकांच्या तोंडी उरलेले वाक्य पाहा : दरवर्षी चार टक्के काढा, पैसा कधीच संपत नाही. मूळ हिशेबात चार टक्के फक्त पहिल्या वर्षाचे आहेत. पुढची रक्कम महागाईवर ठरते, त्या वर्षीच्या शिलकीवर ठरत नाही. त्यात ‘कधीच’ नाही, तीस वर्षे आहेत; चाळिशीत निवृत्त होऊ पाहणाऱ्याला ती अपुरी आहेत. आणि हा सगळा इतिहास एकाच देशाचा आहे, तोही विसाव्या शतकात कमालीचा भाग्यवान ठरलेल्या देशाचा. वेड फाउ या अभ्यासकाने २०१० मध्ये हाच हिशेब १७ विकसित देशांच्या आकडेवारीवर करून पाहिला, तेव्हा चार टक्के केवळ चार देशांत निर्धोक ठरले. बेंगन यांनी स्वतः पुढे अधिक प्रकारचे समभाग हिशेबात घेऊन आपला आकडा वाढवला. म्हणजे मूळ संशोधक आकडा बदलायला तयार आहे. तो बदलायला तयार नसतात ते त्याचे प्रचारक. बेंगन यांचे काम दर्जेदार होते याचा माझ्या मते हाच पुरावा : त्यांची गृहीतके उघड मांडलेली होती, म्हणूनच दुसऱ्याला ती बदलून निकाल तपासता आला.

यावरून पुढचा मुद्दा येतो. सल्ला कशाच्या आधारावर उभा आहे, हे पाहिले की त्यावर किती भार टाकायचा ते कळते. काही सल्ले निव्वळ अंकगणितावर उभे असतात आणि ते सर्वांत भक्कम. अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक विजेते विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एक साधा युक्तिवाद मांडला : बाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो; त्यांतील काही जण निर्देशांकाप्रमाणे, म्हणजे बाजारात ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात, सर्व समभाग धरून स्वस्थ बसले, तर उरलेल्या चळवळ्या मंडळींचा एकत्रित सरासरी परतावाही खर्चापूर्वी बाजाराइतकाच असला पाहिजे, आणि त्यांचा खर्च जास्त असल्यामुळे खर्चानंतर तो कमीच भरला पाहिजे. याला कोणत्याही देशाचा इतिहास लागत नाही. तरीही यालाही अट आहेच, कारण हे विधान सरासरीविषयी आहे. एखादा व्यवस्थापक बाजारावर मात करूच शकणार नाही, असे ते म्हणत नाही. खर्चाविषयीचा सल्लाही असाच अंकगणितावर उभा आहे. दरसाल ७ टक्क्यांनी ३० वर्षांत शंभराचे सुमारे ७६१ होतात, ६ टक्क्यांनी ५७४. ‘फक्त एक टक्का’ शुल्क म्हणून जे सांगितले जाते, ते अखेरच्या पुंजीचा जवळजवळ चौथा हिस्सा असते. हे गणित कागदावर कोणालाही करून पाहता येते आणि ज्याने एकदा केले, तो शुल्काचा रकाना वाचल्याशिवाय सही करत नाही.

इतिहासावर उभे असलेले सल्ले त्या खालोखाल. त्यांना कोणता देश, कोणता काळ आणि लाभांश व महागाई धरून की न धरता, हे विचारावेच लागते.

तिसरा प्रकार स्वभावावर उभ्या असलेल्या सल्ल्यांचा. तेथे अर्थशास्त्रज्ञ आणि लोकप्रिय लेखक यांचे खटके उडतात. येल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स चॉय यांनी २०२२ मध्ये ५० लोकप्रिय पुस्तकांतील सल्ले अर्थशास्त्रीय सिद्धांतांशी ताडून पाहिले. कर्जाचेच उदाहरण घ्या. सिद्धांत सांगतो, ज्याचा व्याजदर सर्वाधिक ते कर्ज आधी फेडा. अनेक लोकप्रिय लेखक सांगतात, सर्वांत लहान कर्ज आधी फेडा, म्हणजे एक खाते पूर्ण बंद झाल्याचा हुरूप येतो. गणिताने दुसरा सल्ला महाग पडतो, यात शंका नाही. परंतु जो माणूस पहिल्या मार्गाने दोनदा निघून दोनदा थांबला आहे, त्याच्यासाठी तो महाग मार्गच अखेरीस स्वस्त ठरण्याची शक्यता आहे. असा सल्ला देणाऱ्याने ‘हे गणिताने कमी प्रतीचे आहे, तरीही या कारणासाठी सांगतो’ असे म्हटले, तर तो प्रामाणिक. हेच गणितानेही श्रेष्ठ आहे असे भासवले, तर त्याच्या इतर विधानांकडेही संशयाने पाहावे.

चॉय यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवली आहे, ती आपल्या ‘तरुणपणी समभाग’ या प्रश्नाला थेट भिडते. वय वाढेल तसे समभागांचे प्रमाण कमी करावे, यावर लेखक आणि अर्थशास्त्रज्ञ यांचे बरेचसे एकमत आहे, पण कारणे निराळी आहेत. लेखक म्हणतात, दीर्घकाळात समभाग सुरक्षित होत जातात. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, तरुणाजवळ पुढच्या अनेक वर्षांची कमाई ही स्वतंत्र संपत्ती आहे. ती बरीचशी रोख्यासारखी स्थिर असते, म्हणून उरलेल्या पैशात त्याला जास्त जोखीम झेपते. निष्कर्ष सारखाच, तर कारणाची उठाठेव कशाला, असे वाटेल. पण ज्याची मिळकतच शेअर बाजाराबरोबर वरखाली होते, अशा माणसाचा विचार करा : दलाली पेढीत नोकरी करणारा, किंवा पगाराचा मोठा भाग कंपनीच्या समभागांत मिळणारा. पहिले कारण मानले तर त्यानेही तरुणपणी सर्व काही समभागांत टाकावे. दुसरे मानले तर त्याने हात आखडता घ्यावा, कारण मंदी आली की त्याची नोकरी आणि पुंजी एकदमच अडचणीत येणार. सल्ल्यामागचे कारण चुकीचे असेल, तर तो बरोबर असतानाही केव्हा थांबायचे ते सांगू शकत नाही.

प्रश्न : एका लेखक-सल्लागाराने आपल्या गुंतवणुकीवर सलग अनेक वर्षे बाजारापेक्षा जास्त परतावा मिळाल्याचे आकडे छापले आहेत. असा प्रत्यक्ष पुरावा असताना तरी विश्वास ठेवायला हरकत नसावी?

उत्तर : त्या लेखकाविषयी मला काही म्हणायचे नाही, परंतु स्वतःचा परतावा स्वतः मोजणे किती निसरडे असते, याचे एक गाजलेले उदाहरण आपल्यापुढे ठेवतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील बियर्ड्‌सटाउन या गावच्या महिलांच्या एका गुंतवणूक मंडळाने १९८४ ते १९९३ या काळात आपल्याला दरसाल सरासरी २३.४ टक्के परतावा मिळाल्याचे जाहीर केले. त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. पुढे शंका उपस्थित झाल्यावर १९९८ मध्ये प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण संस्थेने हिशेब तपासला, तेव्हा खरा आकडा ९.१ टक्के निघाला, आणि त्याच काळात अमेरिकी बाजाराने त्याहून बरेच अधिक दिले होते. येथे फसवणुकीचा हेतू असल्याचे दिसले नाही. सभासदांनी वेळोवेळी भरलेली वर्गणीही वाढीत मोजली गेली होती, एवढेच.

ही चूक किती सहज होते ते पाहा. वर्षारंभी खात्यात शंभर होते, वर्षाच्या मध्यावर आपण वीस घातले, अखेरीस एकशेतीस झाले. पहिला आणि शेवटचा आकडा पाहणारा म्हणेल, तीस टक्के. प्रत्यक्षात बाजाराने दिले केवळ दहा, आणि तेही वर्षभर सरासरीने खात्यात असलेल्या एकशेदहावर, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. आपापल्या खात्याचा असा हिशेब घालून ‘मला तर बाजारापेक्षा जास्त मिळाले’ असे समाधान मानणारे गुंतवणूकदार थोडेथोडके नसतात.

दुसरी फसगत सरासरीची. कोणी ‘चार वर्षांत सरासरी दहा टक्के’ म्हटले आणि ती वर्षे अधिक ४०, उणे २०, अधिक ४०, उणे २० अशी गेली असतील, तर सरासरी खरोखरच दहा येते. परंतु शंभराचे आधी १४०, मग ११२, मग सुमारे १५७ आणि अखेरीस सुमारे १२५ होतात. खऱ्या दहा टक्क्यांनी ते १४६ झाले असते. म्हणजे चक्रवाढीने दर पडला सहाहून थोडा कमी. आपल्या लेखकाने कोणता आकडा छापला आहे, हे पुस्तकात स्पष्ट नसेल तर तेवढ्यानेही पुष्कळ कळले.

आकडे चोख असले तरी एक प्रश्न राहतो : आपल्यापुढे हाच लेखक का आला? ज्यांचे अंदाज फसले, त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. बंद पडलेले फंड यादीतून निघून जातात आणि तगलेल्यांची सरासरी आपोआप देखणी दिसते. आल्फ्रेड काउल्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हा विषय प्रथम शास्त्रीय कसोटीवर घासला. समभाग सुचवणाऱ्या १६ सेवांच्या शिफारशी एकत्र पाहता त्या बाजाराच्या सरासरीपेक्षा दरसाल सुमारे १.४ टक्के मागे पडल्या. बाजाराचे भाकीत करणाऱ्या २४ प्रकाशनांची तुलना तर त्यांनी पिसलेल्या पत्त्यांतून यदृच्छया काढलेल्या काल्पनिक भाकितांशी केली आणि त्यांतील सर्वांत यशस्वी प्रकाशनाची कामगिरीही निव्वळ योगायोगाने मिळेल त्याहून फारशी सरस नसल्याचे आढळले. एवढे भाकीतकार असले की त्यांतील कोणीतरी अचूक ठरणारच. त्याचे नाव आधीच सांगता येत असेल, तरच त्याला काही किंमत. म्हणून त्या लेखकाचा सल्ला त्याच्या परताव्याच्या तक्त्याविना वाचून पाहावा. तक्ता काढल्यावर युक्तिवाद उरत नसेल, तर पुस्तकात फक्त तक्ताच होता.

प्रश्न : फुकट सल्ल्यापेक्षा पैसे मोजून घेतलेला सल्ला अधिक भरवशाचा मानावा का?

उत्तर : किमतीवरून दर्जा कळत नाही, आपल्या कोणत्या कृतीतून सल्ला देणाऱ्याची मिळकत होते, त्यावरून थोडेफार कळते. दलाली मिळणाऱ्याचा प्रत्येक सल्ला खोटा असतो असे नाही, परंतु कोणते सल्ले दिलेच जात नाहीत, ते त्यावरून ठरते. महागडे कर्ज आधी फेडा, वारंवार खरेदी-विक्री करू नका, काही महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवा, या गोष्टी सांगून कोणालाच दलाली मिळत नाही, म्हणून त्या मोठ्या आवाजात ऐकू येत नाहीत. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या वित्त-अभ्यासकांनी एका अमेरिकी दलाली पेढीकडील ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ या काळातील खाती तपासली. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना दरसाल ११.४ टक्के मिळाले, तर बाजाराने त्याच काळात १७.९ टक्के दिले. ही तफावत ज्यांच्या खिशात गेली, त्यांनी स्वस्थ बसण्याचा सल्ला द्यावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पुस्तकाच्या किमतीखेरीज वाचकाकडून काही न मिळवणारा लेखक या बाबतीत बरा, पण त्यालाही पुढचे पुस्तक विकायचे असते आणि ‘काही करू नका’ या विषयावर दुसरे पुस्तक निघत नाही.

प्रश्न : सर्व वाचून, विचार करून मी व्यापक निर्देशांकाच्या फंडात मोठी रक्कम एकदम गुंतवली आणि थोड्याच काळात बाजार जोरात घसरला. हे सल्ले देणाऱ्यांनी मला फसवले, असेच म्हणावे लागेल ना? आता उरलेली गुंतवणूक काढून घ्यावी का?

उत्तर : आपली चिडचिड समजण्यासारखी आहे, पण निकाल वाईट लागला म्हणून सल्ला वाईट ठरत नाही, जसा निकाल चांगला लागल्यामुळे तो चांगला ठरत नाही. वर सांगितल्याप्रमाणे एकदम गुंतवणे तीनपैकी एका वेळी मागे पडते. आपल्या वाट्याला तशी वेळ आली. विचारण्याचा प्रश्न हा की, ही एक-तृतीयांश शक्यता आपल्याला आधी सांगितली होती का. सांगितली असेल, तर सल्लागाराने आपले काम केले. ‘दीर्घकाळात नुकसान होतच नाही’ एवढेच सांगितले असेल, तर बाजार वर गेला असता तरी तो सल्ला निकृष्टच होता. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या २९ डिसेंबरला ३८,९१५ वर बंद झाला, आणि ती पातळी पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मध्यंतरीचे लाभांश धरले तर चित्र थोडे सौम्य होते, आणि ज्याने केवळ त्याच एका देशात पैसा ठेवला नव्हता, त्याला एवढी झळ बसली नाही. तरीही ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती, हे आकड्यात न सांगणारा सल्ला अपुरा असतो, हे यातून दिसते.

उरलेली रक्कम काढावी की ठेवावी, याबाबत एवढेच सांगता येईल की, बाजार घसरला हे आपल्या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. पैसा लागण्याची वेळ, त्याआधी लागणाऱ्या खर्चाची वेगळी तरतूद आणि नोकरीची शाश्वती ही कारणे होऊ शकतात. आपल्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही. ही रक्कम कोणत्या वर्षी लागणार आहे आणि ती आपल्या एकूण पुंजीचा किती हिस्सा आहे, हे कळवल्यास पुढील अंकात अधिक नेमके लिहिता येईल. तोवर ‘काढा’ किंवा ‘ठेवा’ असे मी सांगणार नाही.